मेहुण्याने बसवलेले ब्रेक

हसू नका, ब्रेकचा विषय निघाला की मला अजून तो रविवार आठवतो. आणीबाणी उठली त्या वर्षी मी जुनी फियाट घेतली होती. ब्रेक शू झिजले, तर माझा मेहुणा दिनू म्हणाला, "दाजी, मेकॅनिक कशाला? रोज चोवीस लूम चालू ठेवतो मी. चार चाकांचं काय एवढं?" कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा जॉबर होता तो. रविवारी बसून त्याने शू बदललेसुद्धा.

संध्याकाळी फिरायला निघालो. मागे बायको आणि पोरगी, शेजारी दिनू. धामणकर नाक्यावर कापडाच्या ताग्यांनी भरलेली हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला. पेडल घट्ट, पण गाडी थांबेचना! हँडब्रेक ओढला, तरी तीच गत. हातगाडीवाला ओरडला, "अरे रोको, रोको!" बायकोने पोरीला छातीशी आवळलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या रेतीच्या ढिगात घुसली. हातगाडी वीतभर लांब राहिली.

मी इंजिन बंद केलं आणि शेजारी वळलो. विचारलं, "दिनू, आत काय केलंस रे?"

"काय नाय. शू अगदी कोरडे होते. लूमला देतो तसं चारी चाकांत तेल सोडलं. आवाज आला का? नाय ना!"

"ब्रेकला तेल? अरे, मग ते पकडणार कसं?"

दिनूने सीटखालून तेलाचा डबा काढला.

"घाबरू नका, दाजी. परत जायच्या आधी अजून थोडं देतो."