माह्या बुढ्याच्या डोक्याचा तज्ज्ञ

...नाही, मले एवढंच सांगा, हाडाचा डॉक्टर माणसाच्या डोक्यात कुठून शिरला? खुब्यातून? बुढा, माहा नवरा, परसात घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, गोंदियाच्या त्या डॉक्टरानं बसवलं, ठीक आहे, हात जोडते त्याले. पण त्याच डॉक्टरानं कागद लिहून द्यावा का, 'मुन्नालाल यांची बुद्धी शाबूत आहे' म्हणून? अन् त्या कागदाच्या जोरावर माह्या पुतण्यानं, त्या हेमेंद्रानं, नहराखालची आमची सगळी धानाची बांधी बक्षीसपत्रात लिहून घ्यावी? इटियाडोह धरणाच्या पाण्याची बांधी, तुमाले सांगते, उन्हाळी धान देणारी! बुढा गेला, तेरवी झाली, अन् हा ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा. 'काकी, आता हे माहं आहे.' जशी का मी बांधावरची तुरीची काडी आहे, मले कोणी विचारायचंच नाही!

मग केली केस. अर्जुनीच्या कोर्टात केली. अन् तिथूनच दुसरी पीडा लागली, कारण ज्या दिवशी मी त्या दाव्यावर सही केली... सही बरं का, अंगठा नाही, खताच्या पोत्यावरची अक्षरं लावत लावत मी वाचायले शिकली, मास्तराचं तोंड पाहिलं नाही... तर सही करून घरी आली अन् पाहते तं बुढा दारात उभा. मेलेला! तेच धोतर, तीच बंडी, खांद्यावर दुपट्टा, अन् तोंड भिंतीकडे. म्हटलं, का झालं जी? बोलेच ना. मग माह्या ध्यानात आलं. दाव्यात लिहिलं होतं न, 'मयत इसमाची बुद्धी ठिकाणावर नव्हती.' आता मले सांगा, अख्खा जन्म मी त्याले येडा म्हटलं, भाजीवरून म्हटलं, बैलावरून म्हटलं, तवा हसत होता! टाइप करून आलं तं रुसला! मरून रुसला! चुलीपाशी जावं तं चुलीपाशी उभा, न्हाणीत जावं तं दाराबाहेर उभा, अन् तोंड सदा तिकडे. जिवंत माणसाचा रुसवा काढता येते हो, भाकर वाढली का निघते. याच्या रुसव्याले का वाढू?

माही वकील योगेश्वरी, गावचीच लेक, मोठी हुशार. तिनं सांगितलं, 'आजी, आपल्याला तज्ज्ञ लागतो. मनाचा डॉक्टर.' म्हटलं, कायले? मी आहे न! कायद्याचं पुस्तक मी तिच्याच टेबलापाशी बसून वाचलं, त्यात लिहिलं आहे, ज्या विषयात जो माणूस विशेष निपुण, त्याचं मत कोर्टानं घ्यावं. आता माह्या बुढ्याच्या विषयात माह्याइतकं निपुण दुनियेत कोण आहे? त्याची खोकल्याची ढास ऐकून मी सांगू शकत होती का आज हा बाजारात कोणाशी भांडून आला! तं हसली पोरगी. तुम्ही पण हसून राहिले? हसा.

पयली साक्ष माहीच झाली. उभी राहिली. मागच्या बाकावर गावातले लोक, अन् त्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात, आमचा बुढा. बसमध्ये कधी चढला, कुठं उतरला, देव जाणे. तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, 'साहेब, बुढ्याचं डोकं गेलं होतं.' जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं अन् शांत आवाजात म्हणते, 'बाई, पाहिलं ते सांगा, मत सांगू नका.' म्हटलं, बरं. म्हटलं, 'साहेब, तो भर जेठात टोपी घालून निघाला, म्हणे प्रतापगडची महादेवाची यात्रा भरली.' तं हेमेंद्राचा गोंदियाचा वकील टपकन उठला, 'माय लॉर्ड, ये तो भक्ती है!' भक्ती! महाशिवरात्रीची यात्रा जेठात? मी म्हटलं, 'ही भक्ती नाही, हा येडेपणा...' 'बाई, पाहिलं ते सांगा, मत सांगू नका.' म्हटलं, 'विकलेल्या बैलाले पाणी दाखवायले जाये, रिकाम्या खुंट्यापाशी बादली घेऊन उभा राहे.' वकील म्हणते, 'जानवरांवर प्रेम है साहब!' असं घ्या! माह्या बुढ्याचा रोग तो वकील एकेक करून गुणात बसवून राहिला, अन् मी तोंड उघडलं का तेच... पाहिलं ते सांगा, मत सांगू नका. अख्खा जन्म पाहिलं, अन् मत नाही! मग डोळे का फुलं वेचायले दिले होते?

मग आला नागपूरचा मनाचा डॉक्टर. गोरागोमटा, अत्तर लावलेला, बोलणं कसं तं दह्यासारखं. त्यानं बुढ्याले कधी पाहिलं? कधीच नाही! नुसते दवाखान्याचे कागद अन् योगेश्वरीनं लिहून दिलेलं वाचलं. अन् त्याले का विचारलं, ऐका बरं, त्याले विचारलं, 'डॉक्टर, आपलं मत काय?' मत! ज्यानं पाहिलं नाही त्याले मत, अन् जिनं पाहिलं तिनं मुकाट उभं राहायचं! मी बाकावरून बोलली, 'साहेब, त्याले बी सांगा न, पाहिलं ते सांग!' शिपाई म्हणते, 'मावशी, चूप.'

पण डॉक्टर बोलला आमच्या बाजूनं. म्हणते, मयत जेवताना मेलेल्या आईशी बोलत असे, तिच्या नावानं घास काढून चुलीत टाकत असे, हे बुद्धी ढळल्याचं मोठं लक्षण. अगा बाप्पा! मी कपाळाले हात लावला. अन् तो गोंदियाचा वकील असा हसला, असा हसला, जसा का उंदीर दिसला बोक्याले. सरकत सरकत आला. 'डॉक्टरसाहब, कागूर का होते, मालूम?' डॉक्टर म्हणते, 'कागूर? औषध आहे का?' तुमाले सांगते, अख्खं कोर्ट हसलं, पंखा बी हसला असेल. आता आमच्या पोवाराच्या घरी सणासुदीले मेलेल्यांच्या नावानं चुलीत घास टाकतात, 'ये माय, जेवून जा' म्हणून बोलावतात, तेच कागूर. जजसाहेबांनी विचारलं, 'डॉक्टर, ही रीत आपल्याला ठाऊक होती?' 'नाही, साहेब.' झालं! ते जर लक्षण, तं अख्खी पोवार जात नागपूरले भरती करा! अन् चूक तरी कोणाची? मीच योगेश्वरीले सांगितलं होतं न, बुढा मायसंगं बोलत होता, घास टाकत होता म्हणून; पण तो सण नसताना, रोज, दोन्ही वेळा टाकत होता, हे सांगायचं राहिलं. मले वाटलं, हे का सांगा लागते? रीत तं सगळ्यांले माहीत आहे!

मग तो हाडाचा डॉक्टर. योगेश्वरीनं विचारलं, 'बुद्धी तपासली ती कशी?' म्हणते, 'नाव विचारलं, त्यांनी सांगितलं.' 'अजून?' 'अजून... पाय हलवून पाहिला.' जजसाहेबांनी लेखणीच खाली ठेवली. म्हणाले, मनाबद्दल मत द्यायला हे योग्य साक्षीदार नाहीत. म्हणजे झाले दोघं बी बाद! एकानं पाहिलं पण डोकं त्याच्या विषयात नाही, दुसऱ्याच्या विषयात डोकं पण त्यानं पाहिलं नाही. राहिलं कोण? तुम्हीच सांगा!

मले परत बोलावलं. जजसाहेब म्हणते, 'दुलारीबाई, ज्या दिवशी बक्षीसपत्र झालं त्या दिवशी सकाळी तुम्ही घरी होत्या?' होती म्हटलं. 'काय पाहिलं?'

आता इथं मी मागं वळून पाहिलं. कारण त्या सकाळचं मी कोणाले सांगितलं नव्हतं, योगेश्वरीले नाही, लेकीले नाही. मागे गावातल्या बाया पदर तोंडाले लावून बसल्या होत्या, ज्यांच्यासमोर मी जन्मभर ताठ मानेनं चालली. हेमेंद्र मोबाइलात पाहून राहिला. अन् कोपऱ्यातला बुढा... तुमाले सांगते, त्यानं पहिल्यांदा तोंड फिरवलं. माह्याकडे पाहून राहिला. नको म्हणत होता का सांग म्हणत होता, मले समजलं नाही. त्याच्या विषयातली मी विशेष निपुण, अन् मलेच समजलं नाही!

पण बांधी माही होती हो. रोवणी करून करून माही कंबर त्या चिखलात गेली होती. सांगितलं.

'साहेब, मी चहा घेऊन गेली. तो खाटेवर बसला होता. माह्याकडे पाहून त्यानं हात जोडले अन् म्हणाला, बाई, तुमी कोणाच्या? मी म्हटलं, मी दुलारी. तं म्हणे, चांगलं नाव आहे. बसा न. माही बायको येतेच आता बांधीतून.'

मी वाट पाहून राहिली, आता म्हणतील मत सांगू नका. जजसाहेब नुसते लिहून राहिले. त्या गोंदियाच्या वकिलाले बी हे कशात बसवावं ते सुचलं नाही, न भक्तीत, न प्रेमात. हेमेंद्राचा मोबाइल खाली गेला. त्याच खाटेवरून, त्याच सकाळी, त्यानं बुढ्याले जीपमध्ये बसवून नेलं होतं.

निकाल लागला. बक्षीसपत्र रद्द. बांधी माही. योगेश्वरीनं पेढे वाटले, गावातल्या बाया आता माह्याशी हळू आवाजात बोलतात, जसं का मी आजारी आहे... मले त्याची चीड येते, पण जाऊ द्या.

साक्ष देऊन त्या दिवशी घरी आली, तं बुढा दारात नव्हता. म्हटलं सुटली. आत गेली अन् पाहते का, खाटेच्या कडेले टेकून बसला, पाहुण्यासारखा, दुपट्टा मांडीवर घडी घालून. तोंड माह्याकडे. रुसवा नाही, काही नाही. हात जोडले अन् म्हणते, 'बाई, तुमी लय दमल्या असाल. बसा न.' तवापासून रोज हेच. चहा ठेवला का 'तुमी कायले तरास घेता?' दिवा लावला का 'तुमचे घरचे वाट पाहत असतील.' कितीदा ओठावर येते, सांगावं, अजी, माह्या घरचे तं तुमीच... पण नाही सांगत. अख्ख्या संसारात त्यानं मले 'ए' सोडून हाक मारली नाही. आता उगाच ओळख पटली, तं पुन्हा 'ए' म्हणंल!