कॉम्प्युटर अडकण्याची वही

(सुनंदा तावडे, मुलुंड. त्यांनी सांगितलं तसं.)

माझा जन्म मालवणजवळच्या एका वाडीतला, पण गावचं म्हणाल तर मला एक विहीर आठवते आणि तिच्यावर पडणारी फणसाची सावली, बाकी काही नाही, कारण चौथ्या वर्षी वडिलांनी उचलून घाटकोपरला आणलं आणि लग्न होऊन मी मुलुंडला आले, म्हणजे सगळं आयुष्य मिळून मी चार स्टेशनं सरकले. शिक्षण अकरावी. टायपिंगच्या दोन परीक्षा पास. पण नोकरी लागली ती अंधेरीला रेडिओच्या कारखान्यात, तिथे बारा वर्षं टेबलाशी बसून कथिलाचे डाख दिले, त्यामुळे एक झालं, यंत्र उघडायची भीती गेली. आणि वह्या ठेवायची सवय तर आधीपासूनचीच. गॅसचा सिलेंडर कधी लावला, दळण किती दिवस पुरलं, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्याच्या वह्या. आमचे हे म्हणायचे, ही एक दिवस माझ्या घोरण्याचीसुद्धा नोंद ठेवणार. ठेवली ना. आठ दिवस ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली.

कारखाना बंद झाला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची. त्या वयात बाईला नवीन नोकरी कोण देतं, तुम्हीच सांगा. मी दोन ठिकाणी जाऊन आले, दोन्हीकडे समोरची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, तिसरीकडे गेलेच नाही. ठरवलं, आता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, काम घरी आणायचं. कारखान्यातून जे मिळालं त्यातून कॉम्प्युटर घेतला, मराठी अक्षरं उमटायला एक कार्ड त्यात बसवून घेतलं, मधल्या खोलीत टेबल लावलं. बिल्डिंगमधली माणसं रांगेने बघायला आली, कोणी म्हणे यात पिक्चर दिसतो का, कोणी म्हणे पत्रिका जुळवतो का.

पहिलं मोठं काम आलं तेही पत्रिकेचंच म्हणायचं. आमच्या मंडळाचा वधू-वर मेळावा होता आणि सेक्रेटरी राणेकाका म्हणाले, सुनंदा, तीनशे नावांची पुस्तिका करायची आहे, जमेल तुला? म्हटलं, जमेल. दसऱ्याच्या आधी मुलांची, म्हणजे अर्धी यादी झालीसुद्धा. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, झेंडूचा हार घातला, सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी कामाला बसले आणि तासाभरात तो अडकला.

अडकला म्हणजे काय सांगू तुम्हाला, पडद्यावरची हिरवी अक्षरं तशीच, पण बटण दाबा, काही नाही, ती रेघ लुकलुकायची तीसुद्धा थांबली. बंद करून चालू करायचा, की मधलं टाइप केलेलं सगळं गेलं. त्या दिवशी अठरा मुली गेल्या. उंची, शिक्षण, रास, अपेक्षा, सगळ्यासकट गेल्या. परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी दिवसभर छान चालला, मी खूश. तिसऱ्या दिवशी परत बावीस मुली गेल्या. मग मात्र मी दर पाच नावांनी फ्लॉपीवर उतरवायला लागले, पण एकदा अडकला की दहा मिनिटांत परत अडकायचा, दिवस वायाच.

ज्यांच्याकडून घेतला त्या दुकानात पेंडसे म्हणून इंजिनियर होते, सफारीतले, पन्नाशीचे, बोलायला गोड. आम्ही रिक्षात घालून नेला तर तिथे शहाण्यासारखा चालला, चार तास. घरी आणला, एक दिवस चालला, दुसऱ्या दिवशी अडकला. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा पेंडसे घरी आले, खोलीभर बघितलं आणि म्हणाले, मॅडम, या मशीनला एसी लागतो. म्हटलं, पेंडसे, या घरात माणसांना एसी नाही. ते म्हणाले, मग मराठीचं कार्ड गेलं असेल, मशीन दुकानात ठेवा, महिनाभर बघू, नाहीतर परत घेऊ. आमचे हे म्हणाले, दे ना परत, कशाला डोक्याला ताप, पार वाट लागलीय सगळ्याची. आणि त्याच संध्याकाळी राणेकाका जिना चढून आले, बसलेसुद्धा नाहीत, म्हणाले, गुरुवारपर्यंत पानं दे, नाहीतर मी हाताने लिहिलेलं सगळं प्रेसला देतो, लोक मला शिव्या घालतील गं. तो शनिवार होता. मला कळत होतं, हे काम हातातून गेलं तर मंडळात शब्द फिरेल, दुसरं काम येणार नाही, आणि मग परत कोणाच्या तरी दारात.

वही होतीच. पहिल्या दिवसापासून लिहीत होते, कधी चालू केला, कधी अडकला, तेव्हा घरात काय चाललं होतं. एकेक कारण खोडणंही मधल्या दिवसांत चालूच होतं. पाण्याचा पंप सात वाजता लागतो, हा अकराला अडकतो, पंप खोडला. शेजारच्या वहिनींना म्हटलं, दोन दिवस मिक्सर लावू नका, त्या म्हणाल्या, तुझ्या कॉम्प्युटरपायी मी चटणी पाट्यावर वाटू होय? पण वाटली बिचारीने, हा तरी अडकला, मिक्सर खोडला. फ्रिज बंद ठेवला, दूध नासलं, फ्रिज खोडला. भावाकडून स्टॅबिलायझर आणून लावला, व्होल्टेज खोडलं. त्या शनिवारी रात्री आकड्यांकडे नीट बघितलं तर गंमत दिसली, सकाळी चालू केल्यापासून हा एकतर पाऊण तास ते एक तास एवढ्यातच पहिल्यांदा अडकतो, नाहीतर दिवसभर अडकतच नाही. दोन तासांनी, तीन तासांनी असं कधीच नाही. रेडिओवर बारा वर्षं काढलेली मी, हे मला लगेच कळलं, काहीतरी तापतंय. पण रोज तापत नाही, काही दिवशीच तापतंय. का? तिथे माझी वही संपली.

रविवारी सकाळी चालू करून बसले होते आणि सासूबाई दारात बसून कुळीथ निवडत होत्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, कान मात्र तिखट. त्या म्हणाल्या, गो सुनंदा, हो आज गप कित्याक? काल तर घुमत होतो.

म्हटलं, कोण घुमत होता?

ह्योच. तुझो काँप्युटर. एक दिवस घुमता, एक दिवस गप बसता.

मी उठले आणि मागे जाऊन हात धरला. मागच्या बाजूला वीज आत जाते तिथे एक छोटा पंखा असतो, गरम हवा बाहेर टाकायला. हवा येत नव्हती. पंखा बंद. वायर काढली, तो गार होऊ दिला, झाकणाचे चार स्क्रू सोडले, टॉर्च मारला, आणि काय सांगू तुम्हाला, पंख्याच्या जाळीत लाल लाल तांदूळ. अक्षता. ओल्या कुंकवाच्या, वाळून चिकटलेल्या. दाणा पात्याच्या आड आला की पंखा फिरायचा नाही, रिक्षातून हादरे खात दुकानात गेला की दाणा सरकायचा आणि पंखा फिरायचा, म्हणून तिथे शहाणा.

म्हटलं, आई, अक्षता मागे कशाला टाकल्यात, हार तर आपण पुढे घातला. तर म्हणतात, पूजा मोटरीची करतत, डब्याची नाय. तुझे मामंजी गिरणीत दसऱ्याक मोटरीकच वाहत. बरोबर होतं हो त्यांचं. मामंजींनी तीस वर्षं गिरणीत काढली, तिथली मोटर एवढी मोठी की मूठभर अक्षता वाहिल्या तरी तिला पत्ता लागायचा नाही. सासूबाईंनी चाचपून वायर कुठून आत जाते ते बघितलं, म्हणजे जीव तिथे, आणि अगदी मनापासून वाहिल्या.

क्रोशाच्या सुईने एकेक दाणा काढला, नऊ निघाले. झाकण लावलं, चालू केला. घुमला. आई म्हणाल्या, आता बोललो. त्या रविवारी मी जेवायला तेवढी उठले. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकदाही अडकला नाही. गुरुवारी सकाळी दहाला पानं घेऊन मी स्वतः राणेकाकांच्या दारात, ते अजून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण, तसेच पानं चाळत बसले.

तिथून थेट पेंडशांच्या दुकानात. म्हटलं, एसी नको, क्रोशाची सुई घ्या. ते आधी हसले, मग म्हणाले, मॅडम, दसऱ्यानंतर दुरुस्तीला चार मशीनं येऊन पडलीयेत. माझ्यासमोर एक उघडलं, तर त्यात झेंडूची पाकळी. तेव्हापासून त्यांना जे सापडत नाही ते माझ्याकडे पाठवतात, आणि मॅडमचं तावडेबाई झालंय.

या वर्षीची पुस्तिका मीच केली, पाचशे नावं. पहिल्या पुस्तिकेतून जमलेलं एक जोडपं परवा पाया पडायला आलं. मुलगी बी.कॉम. म्हटलं, सुखात राहा, भांडलात तरी जेवण सोडू नका. ती म्हणाली, काकी, मला हे काम शिकवाल? म्हटलं, सोमवारी अकराला ये. ती आली, तिच्याबरोबर तिची जाऊपण आली. टेबलाशी आता तीन खुर्च्या आहेत, जाता-येता आई एखादीला आपटतात आणि कुरकुरतात. कुरकुरू देत. मला आता कोणाकडे जायचं नाही, माझ्याकडे येतात. देवाने दिलं ते भरपूर दिलं.