हिरवट संत्र्याच्या फेट्याचा सेनापती

बसा ढोटे सर, बसा. माइक मले द्या. तुम्ही आता बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. "केशवचा तो हिरवट संत्र्याच्या फेट्याचा सेनापती जन्मभर डोळ्यांसमोर राहील." असंच म्हणाले न तुम्ही? मग मले सांगा, तो फेटा तुम्ही पाहिला कधी?

थांबा. आधी रीत होऊ द्या.

जमलेल्या मंडळींनो, मायबाईंनो, सौंसरवरून उन्हाचं आलेल्या माझ्या मंडीतल्या बायांनो, मी केशवची मोठी बहीण, विमल. लहान भावाच्या शोकसभेत मोठ्या बहिणीनं बोलावं, ही उलटी गोष्ट आहे. मले भाषण येत नाही. शाळा चौथीतच सुटली. मंडीत संत्र्याच्या पेट्या भरते. तरी बोलते. नाही बोलली तर हे मनातच अडकून राहील.

तुमच्यातले कितीक जण केशवले घड्याळवाला म्हणून ओळखत होते. डोळ्याले भिंग लावलेला, मान खाली घातलेला. पण दुकानामागच्या खोलीत त्याची फौज होती, हे किती जणांना माहीत आहे? बोटाच्या पेराएवढे शिपाई. अडीचशे वर्षांमागची फौज. पगड्या, अंगरखे, ढाली. अन् त्याच फौजेत उडत्या पालख्या! पालखीले जुन्या घड्याळांची चाकं. वाफेवर चालणारा पितळी हत्ती. समोर लाल कोटवाले फिरंगी, अन् ते कुठून आले? चंद्रावरून.

मी म्हटलं, "अरे केशव, त्या काळी असं होतं का कुठं?"

म्हणे, "ताई, नव्हतं म्हणून तर बनवून राहिलो."

बाहेरगावाहून शिपाई पार्सलनं येत. हा त्यांचे कोट ब्लेडनं तासे, भेगा भरायची लांबी लावून अंगरखे करे, टोप्या उडवून पगड्या चढवे. दोन केसांच्या ब्रशनं मिशी काढे. मग रविवारी तिघं जण टेबलावर पट मांडत. केशव, आपले ढोटे सर, अन् बियाण्याच्या दुकानाचे राऊतभाऊ. फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, अन् लहान पोट्ट्यांसारखं भांडायचं.

आता माझं काम ऐका. केशव अन् सुनंदाले लेकरू झालं नाही. पहिला शिपाई रंगवून झाला तसा त्याचा फोन. "ताई, बारशाले ये." मले वाटलं, डोकं फिरलं याचं. आली तर सुनंदानं वाटीत कापूस घालून शिपाई निजवलेला. म्हणे, "आत्याबिगर नाव कसं ठेवावं?" मी त्या वाटीले झोका दिला. कान कुठं आहे ते दिसे ना. अंदाजानं तोंड नेलं, कुर्र केलं, अन् नाव सांगतलं. केशवनं ते त्याच्या पायाखालच्या चकतीवर लिहिलं. तेव्हापासून नेम झाला. आत्यानं नाव ठेवल्याशिवाय शिपाई पटावर जाणार नाही. सर, हा नेम तुम्हीही पाळला. पाळला न?

नावं मी आपल्या माणसांची ठेवली. राऊतभाऊ, तुमच्या नावाचा गोलंदाज आहे. तो दर खेळात पहिलाच मरते. तुम्ही म्हणाले, "बाई, मले थोडं तरी जगू द्या." मी म्हटलं, "आधी वजनात बियाणं पुरं द्या." हसा, हसा. केशव पण असाच हसला होता.

ढोटे सरांना मात्र माझी नावं आवडली नाहीत. "विमलताई, जरा भारदस्त ठेवा. इतिहासातलं वाटलं पाहिजे. पालखीच्या सरदाराचं नाव बाबाराव भजेवाले कसं असंल?" मी म्हटलं, "काहून? त्या काळी लोक भजे खात नव्हते?" सरांनी फासे उचलले. पण मनातून ते सोडलं नाही. सेनापती बनू लागला तेव्हा म्हणाले, "बाकीचे ठेवा कसेही. याचं नाव मी ठेवीन." केशव म्हणे, "सर, आत्या ती आहे." हे माझ्यासमोर झालं. सुनंदासमोर झालं. नाही म्हणा, सर.

आता फेट्याचं. त्या सेनापतीचा फेटा लाल होता. कुंकवासारखा लाल. सर, तुम्ही अन् राऊतभाऊनं पाहिला तो लालच पाहिला. शनिवारी संध्याकाळी केशवचा फोन आला. "ताई, लाल काढून टाकला. तू आणलेल्या संत्र्याचं सालपट समोर धरलं अन् तसाच रंग मिळवला. वर हिरवट झाक ठेवली, पुरं न पिकलेल्या फळासारखी. ओला आहे अजून. उद्या ये बारशाले." मी विचारलं, "सुनंदाले दाखवला का?" म्हणे, "नाही, उद्या तुम्हा दोघींना संगच दाखवतो."

उद्या म्हणजे सुनंदाच्या रडण्याचा फोन. झोपेतच गेला माझा भाऊ.

मी पोचली तोवर अंगण भरलं होतं. दुकानाची चावी कोणाकडे होती? सरांकडे. खुर्च्या काढायच्या म्हणून सुनंदानं दिली होती. तेरवीनंतर आम्ही खोली उघडली. हत्ती आहे, पालख्या आहेत, चंद्रावरचे सगळे आहेत. टेबलावर वाळलेलं सालपट आहे. सेनापती नाही. राऊतभाऊले विचारलं, म्हणाले मले माहीत नाही. सरांना विचारलं, म्हणाले, "केशवनं तो मोडून टाकला असंल, त्याले पसंत नव्हता."

मोडला? मग तुम्ही आता इथं फेट्याचा जो रंग बोलले, तो तुम्हाले कोणी सांगतला? मी तर आजवर कोणाजवळ बोलली नाही.

मी चोर म्हणत नाही. मी विचारून राहिली. तुम्हीही केशववर जीव लावला, हे मले दिसते. त्याच्या तिरडीचा खांदा तुम्ही शेवटपर्यंत कोणाले बदलू दिला नाही, तेही मी पाहिलं. जीव होता म्हणूनच मले जास्त संशय येते. आठवण म्हणून नेला का? का भारदस्त नाव ठेवाले नेला? खाली चकतीवर काही लिहिलं असंल तर पुसा. टर्पेंटाइन सुनंदाकडे आहे.

सेनापतीचं नाव माझं ठरलेलं आहे. केशवले सांगतलं नव्हतं. आत्या आधी सांगत नसते. त्यानं आपल्या या अख्ख्या पांढुर्ण्याले फौजेत घेतलं, सौंसरच्या माझ्या मंडीतल्या हमालांना घेतलं, स्वतःले घेतलं नाही. मी म्हणे, "एक तुझ्या नावाचा कर." म्हणे, "ताई, आपण खेळवणारे." मी मनात म्हटलं, सेनापती होऊ दे, मग पाहते. त्या सेनापतीचं नाव केशव आहे. मले त्याच्या कानात ते सांगायचं राहून गेलं. मले दुसरं काही नाही पाहिजे. ते दुकान, ती फौज, सगळं सुनंदाचं. मले फक्त एकदा ती वाटी हलवायची आहे.

आता सगळे उभे राहा. केशवसाठी शांत राहू. तुम्ही डोळे मिटा. मी मिटणार नाही, मी पाहून राहीन.

अन् सर, तुम्ही आत्ता बोलू नका. चारचौघांत बोलाल तर खोटं बोलावं लागेल. रविवारी दुपारी, पट मांडायच्या वेळेले, सुनंदाच्या घरी या. मी वाटीत ताजा कापूस घालून बसते. सेनापती घेऊन या, नाही तर तो फेटा कुठं पाहिला त्याचं उत्तर घेऊन या. पण रविवारी या.