लाल दोऱ्याचा भोपळा

नवनगरला धारवाडच्या बससाठी रांगेत उभा होतो. पुढे साठीतलं जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात भोपळा होता.

“अहो, रांगेत उभं राहून त्याला माती काय चोळताय?”

“बाजारातला दिसतोय. व्याह्यांना महिनाभर सांगतोय, परसातला भोपळा आणतो म्हणून.”

“मग परसातलाच न्यायचा की.”

“परसातले तू फुलातच तळलेस, कमल. ज्या फुलांखाली भोपळा धरला होता, त्यांना मी लाल दोरे बांधले होते. तोडू नयेत म्हणून.”

“मला वाटलं, तोडायची म्हणून बांधलेत. दोरे सोडूनच तळली मी.”

“सोळा फुलं होती.”

“आणि ती भजी खाल्ली कुणी? तुमच्याच व्याह्यांनी. दोनदा मागून घेतली.”

“म्हणजे त्यांनी स्वतःचेच भोपळे खाल्ले.”

“मग हा कशाला न्यायचा?”

“शब्द दिलाय. देठ बघ, जुना वाटतो का?”

“वाटतो. तिथं पण माती लावा. फोन वाजतोय तुमचा.”

“हॅलो. हो, निघालोच. आणलाय की, घरचाच. असं होय? बरं, बघतो.”

“काय म्हणाले व्याही?”

“भोपळा नको. तिकडं धारवाडात, सप्तापुरात, त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन दिलेत. त्यापेक्षा परसातली फुलं आणा, म्हणाले. तिथं ताजी भजी करायची.”

“मग चला परत घरी. एक फूल आहे अजून वेलावर.”

“ते नाही तोडायचं.”

“का?”

“त्याला दोरा बांधलाय.”