जिन्याजवळचं दार

माझं माहेर देवगडकडचं, लग्न होऊन आले ती थेट डिलाईल रोडच्या या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला लागून पहिली खोली इंदूची, दुसरी माझी. काय सांगू तुम्हाला, त्या पहिल्या दारावरून माझा जीव जन्मभर जळला. पोस्टमन आला की आधी इंदू, गणपतीचा प्रसाद निघाला की आधी इंदू, कुणाचे पाहुणे आले तरी पाणी विचारणार इंदू. मी तेव्हा येडीच होते हो. नवी साडी नेसून कंबरेवर कळशी घेऊन सारखी जिन्यापर्यंत जायचे, म्हणजे येणाऱ्याला आधी मी दिसावी. सासूबाई म्हणायच्या, गो बाय, नळ त्या टोकाला आहे.

आता चाळ पाडून टॉवर होणार. रहिवाशांवर काय परिणाम होईल ते विचारायला सर्व्हेची माणसं आली, खाली चौकात सभा झाली, पुरुष पार्किंगवरून भांडले नि आम्ही बायका मागे उभ्या राहून पाय दुखवून घेतले. पण त्यांच्यातली एक पोरगी, ऋतुजा, दुसऱ्या दिवशी वर आली. म्हणाली, आजी, खाली तुम्ही कोणी बोलला नाहीत, म्हणून मी आले. आणि बसली कुठे, तर इंदूच्या दारात! इंदूने कोकम सरबत दिलं. मी आत बोंबील साफ करत होते, पण कान बाहेर.

पोरगी म्हणाली, नव्या इमारतीत घरं सोडतीने दिली तर कोण कुठल्या मजल्यावर जाईल सांगता येत नाही, पण अमके शेजारी सोबत हवेत असं तुम्ही सांगितलंत तर मी ते अहवालात मांडीन. मग इंदू, तुम्हाला सांगते, श्वास न घेता म्हणाली, शोभा हवी. कोण शोभा, तर नळाजवळची, इंदूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते ती! आणि या इंदूच्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू कोणी वळले? मी वळले. जळत जळत वळले, पण वळले ना? माझ्याकडे पोरगी आली तेव्हा मी म्हटलं, मला कोणी नको, टाक एकटीला वरच्या मजल्यावर. त्या दिवशी बोंबलाचं कालवण खारट झालं ते झालंच.

आठवड्याने पोरगी परत आली. म्हणाली, साहेबांना देण्याआधी तुमचं तुम्हालाच वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा. सगळ्या गॅलरीत चटया टाकून बसलो. माझी पाळी आली, कोणी नको. इंदूने मान वळवली. काय गो, कोणी नको? मी म्हटलं, जा ना तुझ्या शोभाकडे. तर म्हणते कशी, अगो, तुझं नाव काय घ्यायचं? तू तर आहेसच. आपल्यामधली भिंत कोणी मागून घेतं काय?

मी पोरीला म्हटलं, खोड ते, इंदू हवी म्हणून लिही. आणि हेही लिही, या वेळी लिफ्टजवळचं दार माझं. इंदू म्हणाली, मेल्ये, अजून दारच दिसतंय तुला!

सोडत व्हायचीय अजून. साहेब ऐकतील, न ऐकतील, देवाला माहीत. पोरगी निघाली तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, तुझं कल्याण होवो गो बाय, पण तुझ्या साहेबांना एवढं विचार, हिला वेगळ्या मजल्यावर टाकलंत तर मी जळू कोणावर?