बाबांचा दोष

मुलाखतीसाठी थांबलेल्या एका तरुणीच्या शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी बसले होते. कारखाना बंद पडल्याने बाप नोकरी शोधत होता.

"बाबा, दहावीची गुणपत्रिका कशाला आणलीत?"

"विचारली तर?"

"तीस वर्षं बॉयलर सांभाळलात. भूगोलाचे मार्क कोण विचारतंय?"

"बरं. माझा दोष विचारला, तर फार मेहनत करतो म्हणेन."

"म्हणा. सकाळपासून आत जाऊन आलेले सगळे तेच सांगितलं म्हणतायत."

"मग काय सांगू, बाईसाहेब?" बापाने लेकीला विचारलं.

"खरं."

"नवं यंत्र आलं की मी दोन दिवस हात लावत नाही. नुसता आवाज ऐकत बसतो."

"हेच सांगा."

"म्हणजे ही नोकरीही गेली."

"आधीच्या पाच मुलाखतींत मेहनतीच होतात की. मिळाली एक तरी?"

बापाला बोलावणं आलं. गुणपत्रिका लेकीच्या हातात देऊन तो आत गेला. कोणी 'बसा' म्हणायच्या आधीच तो खुर्चीत बसलेला शेजारच्या तरुणीला काचेतून दिसला.