बिस्ट्रोत पुढच्या दारानं

…आणि वर तो दारातला माणूस मला विचारतो, "सर, टेबल राखून ठेवलंय का?" मला! अहो, तुम्हाला सांगतो, त्या बिस्ट्रोतला एकूण एक नळ मी बसवलाय. तिथल्या सिंकखाली मी जितका आडवा झालोय तितका घरच्या पलंगावर झालो नसेन, आणि हा मला ओळखत नाही! तसं त्याचंही बरोबर आहे म्हणा. प्लंबरचं लोकांना दिसतं काय? पाय. सिंकखालून बाहेर आलेले दोन पाय. बूट पुढे केले असते तर चटकन म्हणाला असता, "अरे, तुम्ही होय!" पण त्या दिवशी बूटही नवे होते. मी काही बोललो का? नाही बोललो. शेजारी बायको उभी होती.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या दिवसाची ही गोष्ट. आमची गल्ली पूर्वी कशी सरळसाधी होती… एक छत्रीवाला, एक चष्मेवाला, एक खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. आता तिथं तीन फ्रेंच बिस्ट्रो! बिस्ट्रो म्हणजे काय, तर छोटंसं हॉटेल, मुद्दाम शोधून आणलेल्या जुन्या खुर्च्या, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं असं काहीतरी की डॉक्टरांची चिठ्ठी त्यापुढे छापील वाटावी. तिन्हीकडं नळाला मीच. आणि प्लंबरच्या नजरेतून विचाराल तर फ्रेंच स्वयंपाक म्हणजे काय? लोणी! गरम आहे तोवर सॉस, गार झालं की सिमेंट. माझं घर त्या लोण्यावर चाललंय, उगाच नावं कशाला ठेवू?

तर महिनाभर आधी बायको म्हणाली, "अहो, पंचवीस वर्षं तुम्ही हॉटेलांत मागच्या दारानं जाताय. मला एकदा पुढच्या दारानं घेऊन चला."

म्हटलं, "अगं, घेऊन जातो की!"

"आणि त्या दिवशी नळ नाही."

"नाही."

"पान्हा नाही."

"नाही गं!"

"तुम्ही लग्नातसुद्धा उठला होतात."

आता हे खरं आहे. लग्नाच्या जेवणावळीत हॉलचा नळ फुटला आणि मी उठलो. फोटोत ती एकटीच बसलीय, शेजारी माझी खुर्ची, खुर्चीवर माझा कोट. लोकांना वाटतं नवरा पळाला. पुढे मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन, तिथून उठलो. साडूच्या घरी आईस्क्रीम वाढत होते, तिथून उठलो. मी काही बोललो का? नाही बोललो. काय तोंडानं बोलणार?

त्या दिवशी दुपारी निघताना तिनं माझे खिसे तपासले. पान्हा निघाला, सेलोटेपसारखी ती पांढरी पट्टी निघाली, तीन वायसर निघाले. वायसर मी म्हटलं सुटे पैसे आहेत. तिनं तेही काढून घेतले.

आत गेलो. दारातला तो टेबल राखणारा माणूस… त्याला मी कुजबुज्या म्हणतो, कारण तो बोलत नाही, कानात गुपित सांगतो. "आज… गोगलगायी… फार छान आहेत…" आता मला सांगा, मी आयुष्यभर लोकांच्या पाइपांतून गोगलगायी काढून फेकतोय, त्या मी आता चवीनं खायच्या? पण बायकोनं मासिकात सगळं वाचून ठेवलं होतं. म्हणाली, "एक प्लेट गोगलगायी. आणि शेवटी चॉकलेटचा सूफ्ले. तो आधीच सांगून ठेवावा लागतो ना?"

कुजबुज्या तिच्यापुढे असा वाकला, असा वाकला की मला वाटलं आता हा पाइप बघायला खाली जातोय. "मॅडमना माहीत आहे…"

"सूफ्ले फुगतो," बायको मला समजावून सांगायला लागली, "भट्टीतून काढला की लगेच खायचा. पाच मिनिटांत बसतो."

म्हटलं, "मग त्यात कुठंतरी गळती असणार." तिनं असं बघितलं… मी रुमाल मांडीवर पसरला.

मग गोगलगायी आल्या आणि तुम्हाला सांगतो, त्यांच्याबरोबर एक चिमटा आला! शंख पकडायला! काय चीज होती महाराजा… छोटासा, चकचकीत, मागून दाबला की तोंड उघडणार, सोडला की घट्ट पकडणार. मी तर हरखूनच गेलो. आजूबाजूची कोट-टायवाली मंडळी शंख पकडतायत आणि शंख उडतायत, एक तर पलीकडच्या बाईंच्या पर्समध्ये गेला, आणि मी खटाखट, खटाखट, सहाच्या सहा! कुजबुज्या येऊन म्हणाला, "सर… पॅरिसला राहून आलात का?" बायकोची मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! पंचवीस वर्षांत माझ्यामुळं तिची मान ताठ झाली ती ही पहिली वेळ.

आणि तेवढ्यात… गुड्. गुडगुड. गुडगुडगुड.

लोकांना ऐकू आलं नाही. गाणं चालू होतं ना. पण मला आलं! आईला मूल रडलेलं ऐकू येतं तसं मला सिंक ऐकू येतं. स्वयंपाकघरातलं डावीकडचं सिंक. दम लागला होता त्याला. मी पाण्याचा घोट घेतला. गुडगुडगुड. मी रुमाल घडी केला, उलगडला, परत घडी केला. मी काही बोललो का? नाही बोललो!

"काय झालं?" बायको म्हणाली.

"कुठं काय?"

"तुमचा डावा पाय हलतोय."

आता आतून ओरडा सुरू झाला. तिथला मुख्य आचारी म्हणजे हे एवढं मोठं धूड, आवाज असा की भांडी आपापली जागा सोडतात. "पाणी वर येतंय! बंद करा! कुठाय तो नळवाला? फोन लावा त्या नळवाल्याला!" कुजबुज्या लगबगीनं आमच्या टेबलाशेजारी येऊन उभा राहिला, पाठमोरा, हळूच फोन लावला… आणि माझ्या खिशात घंटी वाजली.

सगळं हॉटेल बघतंय. मी सरळ समोरच्या मेणबत्तीकडं बघतोय. घंटी वाजतेय. दोन हातांवर कुजबुज्या आतल्या आचाऱ्याला सांगतोय, "उचलत नाहीये हो… वाजतोय, पण उचलत नाहीये…" आचारी आतून ओरडतो, "परत लाव!" त्यानं परत लावला. परत वाजला. बायकोनं शांतपणे हात पुढे केला, माझ्या खिशातून फोन काढला, कानाला लावला.

"हॅलो. ते जेवायला बाहेर गेलेत."

"कुठं… गेलेत?" कुजबुज्या.

"तुमच्याकडंच."

तो वळला. आधी तिला बघितलं, मग मला, मग वाकून टेबलाखाली माझे पाय बघितले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडला, "तुम्ही होय!"

आचारी धावत आला. "भाऊ, चला!" म्हटलं, "नाही. आज मी पाहुणा आहे. शब्द दिलाय." खरं सांगतो, पाय खेचत होते, पण खुर्ची धरून बसलो. त्या फोटोतली ती रिकामी खुर्ची समोर दिसत होती हो! आज पाणी गळ्यापर्यंत आलं असतं तरी उठलो नसतो. बायकोच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. माझ्या हातावर तिनं हात ठेवला. म्हटलं, पंचवीस वर्षांचं सगळं फिटलं आज…

तेवढ्यात आचारी म्हणाला, "मग मला भट्टी बंद करावी लागेल. पाणी वायरीपर्यंत आलंय."

बायकोनं हात काढून घेतला. "भट्टी? सूफ्लेची?"

"अर्धा फुगलाय, ताई."

"अहो, मग बसलात काय? उठा!"

घ्या! कोट खुर्चीवर टाकला आणि गेलो. सिंकखाली शिरलो. पान्हा नाही, तार नाही, काही नाही. पाइपाचं वळण हातानं सोडवलं तर आत लोण्याचा हा एवढा गठ्ठा आणि गठ्ठ्यात बरोबर आडवा बसलेला काय असेल? गोगलगायीचा शंख! बोटं पोचेनात. ओरडलो, "चिमटा आणा, चिमटा!" कुजबुज्या पळत जाऊन माझ्याच टेबलावरचा चिमटा घेऊन आला. खट्! शंख बाहेर, पाणी घळाघळा खाली, सगळं स्वयंपाकघर टाळ्या वाजवतंय, आणि मी आपला लोण्यानं माखलेला, पाठीवर पडलेला.

आणि मग माझ्या गुडघ्यापाशी कुणीतरी बसलं. बायको! निळी रेशमी साडी, हातात सूफ्लेची वाटी, वर असा टोपीसारखा फुगलेला. "तोंड उघडा," म्हणाली, "बसायच्या आत." सिंकखाली पडल्या पडल्या मी सूफ्ले खाल्ला हो! एक चमचा मला, एक तिला. आचारी डोळे पुसत होता. त्यानं मग तिला आणखी तीन गोड पदार्थ आणून दिले, स्वतः हातानं, तिथंच, स्वयंपाकघरात स्टूल टाकून. कुजबुज्या वारा घालत होता. राणीसारखी बसली होती.

तेव्हापासून घरात नळाला कुणी नावं ठेवत नाही. परवा आमच्या गल्लीत चौथा बिस्ट्रो उघडला. बायको माझ्या शेजारी येऊन बसली, गोड आवाजात म्हणाली, "अहो, यांच्या मोऱ्यांचं काम कुणी केलंय?"

म्हटलं, "मी."

"नीट केलंय?"

"म्हणजे काय! दहा वर्षं तुंबायच्या नाहीत."

तर काय सांगू तुम्हाला, तिचा चेहरा असा उतरला, असा उतरला… आतल्या खोलीत जाता जाता म्हणाली, "तुम्हाला ना, कधी कुठलं काम थोडं वाईट करताच येत नाही!"